चौकशी चालू, चूल बंद

२०२५ च्या जुलैअखेर राज्याच्या महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केले, की 'लाडकी बहीण' योजनेतल्या सुमारे २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ जून महिन्यापासून तात्पुरता स्थगित केला आहे. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि जे पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल. तेव्हापासून कोल्हापुरात एसटीत, चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात जो वाद चालला आहे, तो दोनच प्रश्नांभोवती फिरतो. एक बाजू विचारते, बोगस लाभार्थी आमच्या करातून का पोसायचे? दुसरी विचारते, निवडणुकीच्या आधी डोळे मिटून अर्ज मंजूर केलेत, मग आताच छाननी कशी आठवली? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्ही खऱ्या मुद्द्याला बगल देतात. पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरायच्या आत पैसे थांबले. संशय आला त्या दिवसापासून निकाल लागेल त्या दिवसापर्यंतचा जो मधला काळ आहे, त्यात त्या घरात काय शिजायचे, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. चौकशी करा, कसून करा, दरवर्षी करा. पण निकाल लागेपर्यंत पैसे चालू ठेवा. निदान संजय गांधी निराधार अनुदान, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन, विधवा आणि दिव्यांगांची निवृत्तिवेतने यांच्या बाबतीत तरी हा नियम अपवादाशिवाय हवा, कारण तिथे त्या पैशांखाली दुसरा आधार नसतो. चौकशी आठ दिवसांत उरकायची की आठ महिने रखडवायची, हे सरकारच्या हातात असते. लाभार्थीच्या हातात त्यातले काहीही नसते. आज उशीर एक जण करतो आणि त्याची किंमत दुसरा मोजतो. वेळ ज्याच्या हातात आहे, उशिराचा भुर्दंड त्याने सोसला पाहिजे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे हलके नाही. याच 'लाडकी बहीण' योजनेत १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या नावावर पैसे गेल्याचे सरकारनेच सांगितले. सरकारी नोकरीतल्या बायकांनीही लाभ घेतल्याचे उघड झाले. हे कुणा गरिबाच्या तोंडचा घास काढणे आहे, आणि त्याचा राग येणे स्वाभाविक आहे. हिशेबही मोठा आहे. २६ लाख ३४ हजार जणांना महिन्याला १,५०० रुपये म्हणजे ३९५ कोटी रुपये झाले. चौकशी तीन महिने चालली तर जवळजवळ १,२०० कोटी. एवढ्या रकमेत या जिल्ह्यातल्या किती शाळांची गळकी छपरे नीट होतील, असे कुणी विचारले तर तो माणूस निर्दय ठरत नाही. शिवाय अपात्राला गेलेला पैसा परत येत नाही, हेही खरे. पंधराशे रुपयांच्या वसुलीसाठी तलाठ्याने कुणाच्या दारात जाऊन भांडी उचलावीत, असे मलाही वाटत नाही. आणि सगळ्यात अवघड मुद्दा कार्यालयात काम करणारे सांगतात. पैसे चालू असले, तर नोटिशीला कुणी भीक घालत नाही. पैसे थांबले की मग लोक कागदपत्रे घेऊन येतात.

या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे. पैसे थांबवले की लोक येतात, हे अर्धेच खरे आहे. जे येऊ शकतात ते येतात. ज्यांच्या घरात मोबाइल हाताळणारे कुणी आहे, ज्यांना रिक्षाचे भाडे परवडते, ज्यांचा भाचा पंचायत समितीत ओळखीचा आहे, ते चौथ्या दिवशी फाइल घेऊन हजर होतात. गगनबावड्याच्या नाहीतर चंदगडच्या वाडीवस्तीवरची एकटी म्हातारी, जिला पैसे का आले नाहीत हेच कुणी सांगितलेले नाही, ती येत नाही. मग तिच्या न येण्याचा अर्थ काय लावला जातो? 'पडताळणीला हजर राहिली नाही, म्हणजे बोगसच असणार.' ज्या कसोटीने फसवणारा शोधायचा, ती कसोटी सगळ्यांत दुबळ्या माणसालाच बाहेर फेकते आणि वर बचतीचा आकडा म्हणून मिरवते.

हे दुसऱ्या राज्यांत घडून गेले आहे. झारखंडमध्ये २०१६ नंतर बोगस म्हणून शिधापत्रिका मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्या. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी नमुना घेऊन घरोघर तपासले, तेव्हा रद्द झालेल्यांतली बहुतेक कुटुंबे खरी, जिवंत, तिथेच राहणारी निघाली. तेलंगणात संगणकाने माहिती जुळवून कार्डे काढून टाकली गेली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की रद्द केलेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा पडताळणी करा. हरियाणात रोहतक जिल्ह्यातल्या १०२ वर्षांच्या एका आजोबांना सरकारी नोंदीत मृत दाखवून त्यांचे निवृत्तिवेतन बंद केले गेले. आपण जिवंत आहोत हे दाखवायला त्या आजोबांनी सप्टेंबर २०२२ मध्ये रथात बसून, गळ्यात माळा घालून स्वतःची वरात काढली. तेव्हा कुठे हालचाल झाली. ज्यांच्यापाशी वरात काढण्याइतके नातलग नाहीत, त्यांनी आपण जिवंत असल्याचे कुणाला आणि कसे दाखवायचे?

आपल्याकडची गोष्ट याहून साधी आणि रोजची आहे. जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात, बाजाराच्या दिवशी, संजय गांधी शाखेच्या खिडकीशी साठीतल्या एक मावशी उभ्या होत्या. हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, आधार, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. पासबुकाची घडी इतक्यांदा उघडली होती, की मधले पान सुटून आले होते. पूर्वी महिन्यामहिन्याला येणारी नोंद एका ठिकाणी थांबली होती आणि त्याखाली फक्त बँकेने कापलेल्या शुल्काची ओळ होती. लिपिक वाईट माणूस नव्हता. त्याने संगणकात नाव काढले आणि म्हणाला, "मावशी, तुमचं नाव चौकशीला लागलंय. तलाठ्याचा अहवाल आला की सुरू हुतंय." मावशींनी विचारले, "कशाची चौकशी वं? मी काय केलोय?" त्याला सांगता आले नाही, कारण पडद्यावर कारण लिहिलेले नव्हते. मग त्यांनी विचारले, "आन् अहवाल यीपातूर मी काय खाऊ?" लिपिकाने मागच्या माणसाचा कागद घेतला.

कारण न सांगता पैसे थांबवणे ही या व्यवस्थेतली सगळ्यात वाईट खोड आहे. माणसावर आरोप काय, हेच कळले नाही तर तो उत्तर कशाचे देणार? उत्पन्न जास्त दिसले? घरात चारचाकी दिसली? बोटाचा ठसा जुळला नाही? आधारमध्ये नाव 'आक्काताई' आणि बँकेत 'अक्काताई' आहे? या चार कारणांची चार वेगळी उत्तरे आहेत. ठशाचे उत्तर भांगलणीला जाणाऱ्या कुठल्याही बाईच्या बोटांवर लिहिलेले आहे. उसाच्या पाल्यात आणि मातीत आयुष्य गेले, की अंगठ्यावरच्या रेषा झिजून जातात. चारचाकीचे उत्तर सातबारासारखेच किचकट असते. एकत्र कुटुंबाचे रेशनकार्ड एक, त्यात दिराने कर्ज काढून घेतलेली वडापची गाडी, आणि भावजयीच्या नावासमोर 'कुटुंबात चारचाकी' अशी खूण. यातले खरे काय, हे शोधायला गल्लीत येऊन दोन घरी विचारावे लागते. ते काम होईपर्यंत संशयाचा दंड मात्र वसूल होऊन गेलेला असतो.

आणि निराधार योजनेत तर संशय घ्यायला कारण कधीच कमी पडत नाही, कारण पात्रतेची रेघच अशी आखलेली आहे. अनुदान २०२३ मध्ये हजाराचे पंधराशे झाले, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपयेच राहिली. म्हणजे दिवसाला ५८ रुपये सुद्धा नाहीत. भांगलणीची हजेरी ३०० रुपये धरली, तर वर्षातले ७० दिवस काम मिळाले की ती बाई कागदावर निराधार राहत नाही. आजारी पडली, पाऊस लांबला, उरलेले २९५ दिवस हाताला काम नव्हते, याचा हिशेब कोण धरणार? अशा रेघेवर प्रत्येकच लाभार्थीकडे बोट दाखवता येते. खरे बोलणारी अपात्र ठरते आणि दाखल्यावर २१ हजार लिहून आणणारी उद्या चौकशीत सापडते. नियमच असा असेल, तर चौकशीला लागणे हा लबाडीचा पुरावा कसा मानायचा?

आता हक्क आणि उपकार या भेदाकडे येऊ. सरकार अनुदान देते, पगार नव्हे. देणाऱ्याला शंका आली तर हात आखडता घेण्याचा अधिकार आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सरकार स्वतःच्या माणसांशी कसे वागते ते पाहावे. लाच घेताना पकडलेला सरकारी कर्मचारी निलंबित होतो. त्याच्याविरुद्ध पंच असतात, रंग लावलेल्या नोटा असतात. तरीही निलंबनाच्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो साधारण अर्ध्या पगाराइतका असतो आणि चौकशी तीन महिन्यांपेक्षा लांबली, लांबण्यात त्याचा दोष नसला, तर वाढतोही. निवृत्त झालेल्यावर चौकशी चालू असेल तर उपदान (ग्रॅच्युइटी) अडवले जाते, पण तात्पुरते निवृत्तिवेतन मिळत राहते. हे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. ते अगदी बरोबर आहे, कारण आरोप सिद्ध झालेला नाही आणि त्याच्याही घरी पोरेबाळे आहेत. आपल्याच राज्याच्या एका जुन्या नियमात, खालच्या कोर्टात शिक्षा होऊन अपील पडून असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला महिना एक रुपया निर्वाह भत्ता देण्याची तरतूद होती. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान ताले' या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसालाही अपिलाच्या काळात जगण्यापुरते मिळाले पाहिजे, एवढे आपण चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केले. मग ज्या विधवेवर आरोपपत्रच नाही, जिला नोटीसही नाही, तिचे पूर्ण पंधराशे थांबवायचे हा न्याय कुठला? ती कर्मचारी नाही एवढाच तिचा गुन्हा आहे का?

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७० मध्ये 'गोल्डबर्ग विरुद्ध केली' या खटल्यात आला होता. न्यूयॉर्क शहरात गरिबांची मदत आधी बंद होत असे आणि सुनावणी नंतर मिळत असे. न्यायालयाने बहुमताने सांगितले, की आधी सुनावणी, मग बंदी. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालपत्रातला युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. मदत थांबली की पात्र माणसाचे जगण्याचे साधनच जाते, आणि पोटापाण्याच्या विवंचनेत सापडलेला माणूस सरकारी यंत्रणेशी झगडायलाही उरत नाही. म्हणजे पैसे थांबवल्याने दाद मागण्याची ताकदसुद्धा काढून घेतली जाते. सहा वर्षांनी त्याच न्यायालयाने 'मॅथ्यूज विरुद्ध एल्ड्रिज' खटल्यात एक पाऊल मागे घेतले, हेही सांगायला हवे. अपंगत्वाचे लाभ सुनावणीआधी थांबवले तरी चालेल, कारण ते गरजेवर ठरलेले नसतात, माणसाकडे दुसरा आधार असू शकतो, असे बहुमताने ठरवले. हा विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम आधार आहे. पण त्या खटल्यात मतभेद नोंदवताना ब्रेनन यांनी काय दाखवून दिले? दरम्यानच्या काळात एल्ड्रिज कुटुंबाचे घर कर्जापोटी गेले, घरातले सामान उचलून नेले गेले, आणि नवरा-बायको मुलांसह एकाच पलंगावर झोपत होते. दुसरा आधार 'असू शकतो' हे कागदावर ठीक आहे. आणि बहुमताचा तर्क धरला, तरी आपल्या निराधार योजनेला तो लागू होत नाही, कारण इथे दुसरा आधार नसणे हीच पात्रतेची अट आहे.

अपात्राला पैसे जाण्याची भीती आणि तिच्यापायी गरजूची परीक्षा पाहणे, हे आपल्या मातीत नवे नाही. १८७७ च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी केली. तीन वर्षांआधी बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने वाटला होता, आणि उधळपट्टीचा ठपका त्यांच्यावर आला होता. या वेळी त्यांनी तो धुऊन काढायचे ठरवले. विचार असा, की मजुरी इतकी कमी ठेवावी आणि काम घरापासून इतके लांब द्यावे, की खरा उपाशी असेल तोच येईल. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, त्यात गणेश वासुदेव जोशी अग्रभागी होते, सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. लबाडाला गाळण्यासाठी लावलेल्या चाळणीतून पहिल्यांदा गळून पडला तो अशक्त, आजारी, लेकुरवाळा माणूस, कारण परीक्षा देण्याची ताकद त्याच्यातच सगळ्यात कमी होती.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, कामे काढली, कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही मुले सांभाळायची सोय केली आणि ज्यांच्याच्याने काम होत नाही अशा म्हाताऱ्या-अपंगांसाठी निराधार आश्रम काढले. हिशेब तिथेही ठेवला जात होता. पण जो कसोटी देऊच शकत नाही, त्याला कसोटीतून वगळले होते. शाहूंचे नाव आपल्या जिल्ह्यात प्रत्येक सरकारी कार्यक्रमात घेतले जाते. त्यांच्या कारभारातला हा भाग तहसीलच्या खिडकीपर्यंत आलेला मला पाहायचा आहे.

शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ च्या कायद्यात तिला हक्काचे रूप आले. त्या कायद्यातले एक कलम या वादाच्या गाभ्याशी जाते. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळाले नाही, तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता तुटपुंजा होता, मिळवणे अवघड होते, हे सगळे खरे. पण तत्त्व काय होते? उशीर सरकारचा, तर भुर्दंडही सरकारचा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातही तेच आहे. ठरल्या मुदतीत दाखला दिला नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे दाखला द्यायला मुदत आहे. मग ज्या चौकशीसाठी माणसाचे पैसे अडवले, तिलाच मुदत का नाही?

मुदत नसली की काय होते, याची खात्री नेदरलँड्सने जगाला करून दिली. तिथल्या करखात्याने २०१४ मध्ये आइंडहोव्हनच्या एका बालसंगोपन संस्थेवर संशय घेतला आणि त्या संस्थेत मुले ठेवणाऱ्या शेकडो पालकांचे अनुदान तपासणी पुरी व्हायच्या आधीच बंद केले. पालकांनी कागद पाठवले, परत पाठवले, खात्याकडून उत्तर आले नाही. २०१७ मध्ये तिथल्या लोकपालाने या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे उघड झाले, की देशभर हजारो कुटुंबांना चुकीने फसवे ठरवले गेले होते, त्यांत परदेशी मुळाचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि दुहेरी नागरिकत्व हे संशयाचे एक कारण धरले गेले होते. संसार मोडले, घरे गेली. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि नुकसानभरपाई म्हणून प्रत्येक बाधित पालकाला किमान ३० हजार युरो देण्याची पाळी सरकारवर आली. ज्या पैशांच्या काळजीने अनुदान थांबवले, त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. ते श्रीमंत, शिस्तीचा कारभार म्हणून नावाजलेले राष्ट्र होते. तिथे हे झाले, कारण पैसे एकदा थांबले की खात्याला घाई करायचे कारणच उरत नाही. फाइल पडून राहिली तर खर्च वाढत नाही, उलट बचत दिसते. पैसे चालू असले, तर पडलेली प्रत्येक फाइल तिजोरीला टोचते आणि साहेब विचारतो, अहवाल का नाही आला? चौकशी लवकर व्हायला हवी असेल, तर तिचा खर्च चौकशी करणाऱ्याच्या खात्यात पडला पाहिजे.

पैसे मागाहून थकबाकीसह देऊ, असेही म्हटले जाते. ते द्यायलाच हवेत. पण आषाढातली भूक कार्तिकात भागत नाही. मधल्या चार महिन्यांत गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारी होते, रक्तदाबाची गोळी बंद होते, बचत गटाचा हप्ता चुकतो आणि घरोघर फिरणाऱ्या फायनान्सवाल्याकडून आठवड्याच्या व्याजाने पैसे उचलले जातात. थकबाकी येते तेव्हा ती दुसऱ्याच्या खिशात जाते. सरकारच्या बाजूने पाहिले, तर अपात्र निघालेल्या एका माणसाला दोन महिने जादा मिळाले, म्हणजे ३,००० रुपये गेले. नुकसान तेवढेच आणि ते किती होऊ द्यायचे हे चौकशीच्या वेगावर, म्हणजे सरकारवरच आहे. पात्र बाईच्या नुकसानीला तशी वरची मर्यादा नाही. दाद मागायला कोर्ट आहेच, असे सुचवणाऱ्यांनाही एक सांगतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आले, मुंबईची खेप वाचली, ही मोठी गोष्ट झाली. पण पंधराशे रुपयांसाठी वकीलपत्र कोण करणार आहे?

२०१९ च्या महापुरात याच प्रशासनाने वेगळे वागून दाखवले आहे. पंचगंगेचे पाणी आंबेवाडी-चिखलीत, शिरोळच्या गावागावांत शिरले, तेव्हा सानुग्रह अनुदानातले पाच हजार रुपये आधी रोख हातावर ठेवले गेले आणि बाकीचे नंतर खात्यावर जमा झाले. पाणी न शिरलेल्यांनीही पैसे घेतल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. म्हणून कुणी असे म्हणाले का, की सगळ्या घरांचे पंचनामे पुरे होईपर्यंत छावणीतल्या एकालाही दमडी देऊ नका? पुरात माणसे पाण्यात उभी दिसतात, म्हणून आपल्याला ते पटते. विधवेच्या घरातला पूर रस्त्यावरून दिसत नाही, एवढाच फरक आहे.

सगळ्या योजनांना एकच मोजपट्टी लावा, असा माझा आग्रह नाही. 'लाडकी बहीण'सारख्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना मिळणाऱ्या लाभाचे आणि निराधार अनुदानाचे वजन वेगळे आहे. पुरुषाच्या नावावर पैसे जात असतील, लाभार्थीचे नाव सरकारी पगारपत्रकात असेल, तर तिथे चौकशीचे काही उरलेलेच नाही. पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि बंद करा, शक्य तिथे वसूल करा. पण दोन याद्या जुळल्या नाहीत, नाव पुढेमागे झाले, गाडी कुणाची ते कळत नाही, अशा ठिकाणी आधी लेखी कारण द्या, मराठीत, अंगणवाडी सेविकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातून घरपोच. उत्तराला महिना द्या. निराधार योजनांत तलाठी किंवा मंडल अधिकाऱ्याने घरी जाऊन पाहिल्याशिवाय आणि तालुक्याच्या संजय गांधी समितीने कारणासह निर्णय दिल्याशिवाय एकही हप्ता थांबता कामा नये. दोन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर संशयाची ती खूण संगणकातून आपोआप निघाली पाहिजे. मुदत कुणाच्या सहीवाचून संपली पाहिजे, कारण सही मागायला पुन्हा ती मावशीच पिशवी घेऊन येणार.

यावर कार्यालयातून येणारे उत्तर मला ठाऊक आहे. तलाठ्याकडे आधीच तीन-तीन गावे, त्यात पीकपाहणी, पंचनामे, निवडणुकीच्या याद्या. एवढ्या घरी जायला वेळ कुठून आणायचा? ही अडचण खरी आहे आणि तलाठ्यांची रिकामी पदे भरण्याची मागणी मी त्यांच्याबरोबर करीन. पण माणूस नाही म्हणून चौकशी होऊ शकत नसेल, तर ती झालेली नाही एवढेच म्हणता येते. न झालेल्या चौकशीवरून कुणाचे पैसे थांबवता येत नाहीत. जितक्या घरी जाता येईल तितकीच नावे एका महिन्यात चौकशीला घ्या, आणि बाकीच्यांच्या खात्यावर महिन्याच्या महिन्याला हप्ता जमा होऊ द्या.